दिवेलागणीचं मौन

आमच्या घरात कधी भांडण झालं नाही, असं माझी मुलगी तिच्या सासरी कौतुकानं सांगते. तिच्या आठवणी जिथून सुरू होतात तिथून पुढे ते खरंही आहे. पण भांडायला दोन माणसं बोलती असावी लागतात आणि आमच्याकडे संध्याकाळी बोलणारी मी एकटीच होते. कित्येक वर्षं मी दोघांचं बोलले. त्यात माझं स्वतःचं सांगायचं राहून गेलं, आणि ते विचारायला घरात कोणी नव्हतं.

नवऱ्याला मी चारचौघांत 'हे' म्हणते, इथंही तेच म्हणेन. हे नाशिकच्या अंबड वसाहतीत एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला माल मापायचा आणि पास किंवा नापास करायचा, एवढंच काम. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कारखान्यानं बाहेरदेशी माल पाठवायला सुरुवात केली आणि यांचं सुख संपलं. इथं पास केलेला माल तिकडून परत यायला लागला. परत आला की यांना साहेबांच्या केबिनमध्ये उभं करायचे. तिथं हे एक अक्षर बोलायचे नाहीत, सगळं डब्यासारखं घरी घेऊन यायचे.

चपला काढता काढताच सुरुवात व्हायची. पंखा कोणासाठी चालू आहे, पोरीची खेळणी वाटेत का, आमटी अशी पाणचट का. एकदा स्टीलचा पेला भिरकावला तो फ्रिजच्या दारावर जाऊन आपटला. मुलगी तेव्हा चार वर्षांची असेल, ती माझ्या मागं येऊन उभी राहिली. मीही काही गरीब गाय नव्हते. मी मखमलाबादची, फुलं आणि पालेभाज्या पिकवणाऱ्या घरातली. आमच्याकडे हळू आवाजात बोललेलं कोणाला ऐकूच जात नाही. हे एक बोलले की मी दोन बोलायची.

माहेरी दुपारचं ऊन कललं की कोथिंबीर आणि मेथीचे ढीग ओसरीवर येऊन पडायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे माल मार्केटला जायचा असायचा, म्हणून आम्ही सगळ्या बायका जुड्या बांधायला बसायचो. हात चालायचे आणि तोंडं त्याहून जास्त चालायची. कोणाची पाठ धरली, कोणाचा नवरा काय म्हणाला, कोणाला रात्रभर झोप नाही, सगळं तिथं बाहेर पडायचं. एखादी गप्प बसली तर माझी आई हातातली जुडी खाली ठेवून तिच्याकडे बघायची आणि ती बोलेपर्यंत बघत राहायची. टेन्शन हा शब्द तेव्हा आमच्याकडे कोणी वापरत नव्हतं. औषध मात्र रोज घेतलं जायचं.

सासर नामपूरकडचं. तिकडची माणसं कमी बोलणारी असतात असं मी म्हणणार नाही, पण आमच्या घरातली होती. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे नाशिकला आल्या. त्या अहिराणी बोलायच्या, मी आमच्याकडचं बोलायची, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं, वेळेला नको तेवढं कळायचं.

त्या पेल्याच्या प्रकारानंतर मीच यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी बीपी मोजलं, पुन्हा मोजलं आणि गोळी लिहून दिली. मग म्हणाले, "गोळीपेक्षा सवयी लावून घ्या. मीठ कमी करा, सकाळी फिरायला जा. आणि कामावरून घरी गेलात की लगेच बोलू नका. दहा मिनिटं शांत बसायचं, मग काय बोलायचं ते बोला." साधा सल्ला होता. मला तर ऐकूनच बरं वाटलं. दहा मिनिटांत मलाही चहा टाकून तोंड आवरून बसता आलं असतं.

पण दहा मिनिटं हा हिशोब सासूबाईंना पटेना. त्यांच्या मते दहा मिनिटांत दूधसुद्धा नीट तापत नाही, माणसाचं डोकं काय थंड होणार. त्यांनी त्याचं व्रत केलं. आमच्याकडे कुठलीही गोष्ट एकदा देवघरापर्यंत गेली की तिचं व्रत होतं आणि मग तिला कोणी हात लावत नाही. दिवेलागणीला देवापुढे समई लागली की यांनी पाटावर बसायचं आणि मौन धरायचं. शेजारी सासूबाई जपमाळ घेऊन बसणार. त्यांचा जप पुरा झाला, त्यांनी घंटी वाजवली, की मौन सुटलं. तोपर्यंत घरात यांच्याशी कोणी बोलायचं नाही आणि यांनी कोणाशी नाही. "त्यानं मौन शे," त्यांनी मला बजावलं. "मोडानं नही."

खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मला त्या मौनाचं अप्रूप होतं. हे कामावरून यायचे, हातपाय धुवायचे आणि निमूट पाटावर जाऊन बसायचे. जे दार उघडताना माझ्या छातीत धस्स व्हायचं, ते दार आता नुसतं दार झालं. मुलगी आतल्या खोलीत पाढे म्हणायची, मी भाजी निवडायची. घंटी वाजली की हे उठायचे तेव्हा चेहरा उतरलेला असायचा, पण राग निघून गेलेला असायचा. सकाळी फिरायला जायचे, अळणी भाजी कुरकुर न करता खायचे. बीपी उतरलं. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "काय नशीबवान आहात, माझ्या घरी अर्धा तास कोणी गप्प बसेल तर मी सत्यनारायण घालीन." मी फुशारून गेले होते.

सुरुवातीला हे मौनात पाटीवर लिहायचे. मुलीची पाटी-पेन्सिल घेऊन 'पाणी' किंवा 'टीव्ही बंद' असं लिहून दाखवायचे, आणि मुलगी त्यात शुद्धलेखनाच्या चुका काढायची. सासूबाईंनी ते बंद केलं. लिहिणं म्हणजे बोलणंच, असं त्यांचं म्हणणं. मग उरला हात. काही विचारलं तर हे उजवा हात उचलायचे, पंजा माझ्याकडे करायचे आणि हलकेच पुढे सारायचे. त्याचा अर्थ, तू बोल. तू बघ. तू सांग.

दिवेलागणीची वेळ ही देवाची वेळ असेल, पण संसाराचीही तीच वेळ असते. नळाला पाणी तेव्हाच यायचं. फोन तेव्हाच वाजायचा, कारण माणसं तेव्हाच घरी सापडतात. पाहुणे तेव्हाच यायचे. नांदगावचे एक चुलतभाऊ लग्नाचं आमंत्रण घेऊन आले ते थेट यांच्या समोरच येऊन बसले. हे मान डोलावत होते आणि मी बोलत होते. कधी येणार, कोण कोण येणार, तब्येत कशी, कामाचं कसं चाललंय, सगळं मी. जाताना ते हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही एकट्याच दोघांचं बोलता." मीही हसले. ते कौतुकच वाटलं मला.

सवय लावायला वेळ लागतो, पसरायला लागत नाही. हळूहळू तो हात पाटावरून उठून घरभर झाला. शाळेत मुलीच्या बाईंनी यांना काही विचारलं की हात माझ्याकडे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून वाद झाला, हात माझ्याकडे. दिराबरोबर शेतीच्या वाटणीचं बोलणं निघालं तेव्हासुद्धा हे भिंतीकडे बघत राहिले आणि सख्ख्या भावाशी वाईटपणा मी घेतला. नामपूरला सगळीकडे झालं की वाटणी थोरल्या सुनेनं लावली. मी घरी येऊन रडले, पण न्हाणीघरात. यांच्यासमोर रडायचं नव्हतं, कारण यांना टेन्शन द्यायचं नव्हतं.

हे वाक्य आमच्या घरात देवाच्या नावासारखं घेतलं जायचं. त्यांना टेन्शन देऊ नका. मुलगी गणितात नापास झाली, यांना सांगितलं नाही. माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, डोळा जाता जाता वाचला, ते सगळं निस्तरल्यावर सांगितलं. मला गीझरचा शॉक बसून हात दिवसभर थरथरत होता, तेही सांगितलं नाही. यांना न सांगायच्या गोष्टी माझ्याकडे साठत गेल्या, आणि यांच्या सांगायच्या गोष्टी त्या पाटावर जिरत होत्या. पूर्वी हे ओरडायचे तेव्हा त्या ओरडण्यातून मला निदान कळायचं तरी. कोण साहेब आहे, काय माल परत आला, कोणी चुगली केली. आता कारखाना चालतो की बंद पडलाय, हे मला शेजारच्या वहिनींकडून भाजीच्या गाडीवर कळायचं.

एका संध्याकाळी कारखान्यातले दोघं आले. समई लागलेली, हे पाटावर, सासूबाईंची माळ चाललेली. मी त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मौनाचं त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांनी आवाज हळू केला. त्यातला वयानं मोठा होता तो म्हणाला, "साहेब, परवापर्यंत सही द्यायचीय. तुम्ही स्वेच्छानिवृत्ती घेताय का नाही? तुम्ही काय करता त्यावर आम्ही चार जण ठरवणार."

मी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. स्वेच्छानिवृत्ती हा शब्द त्या घरात मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी डोळे उघडले, उजवा हात उचलला आणि माझ्याकडे केला.

मला काहीच माहीत नव्हतं. किती लोकांना काढताहेत, यांच्यावर पाळी आली आहे का, कधीपासून हे चाललंय, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आणि मी बोलले. मी म्हटलं, "अजून विचार चालू आहे. दोन दिवसांत सांगतील." इतक्या सहज म्हटलं, की तो माणूस मान हलवून चहा प्यायला लागला. माझ्या कानात मात्र शिट्टी वाजावी तसा आवाज सुरू झाला, तो पुढे कित्येक महिने थांबला नाही.

घंटी वाजल्यावर मी विचारलं. हे म्हणाले, "तुला कशाला टेन्शन. मी बघतो." आणि जेवायला बसले. बघतो म्हणजे काय, तर दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी माळा वाढवल्या. त्या आई होत्या. लेकाच्या पोटात काय चाललंय ते शब्दावाचून कळण्याइतक्या हुशार होत्या, आणि त्यावर दुसरा उपाय त्यांना येत नव्हता. लेक जितका खचलेला दिसेल तितका जप लांबायचा. मौन आधी जेवणाच्या वेळेपर्यंत गेलं, मग जेवणावरून पलीकडे गेलं. आम्ही ताटावर बसायचो आणि हे हातानं पोळी मागायचे. घंटी वाजेपर्यंत मुलगी पेंगुळलेली असायची. रविवारी तर सकाळचंही एक मौन सुरू झालं. मला सासूबाईंचा राग यायचा आणि त्यांच्याकडे पाहिलं की तो राग टिकायचा नाही. माळ ओढून ओढून त्यांचा अंगठा सुजला होता.

मी माझ्यापुरत्या सवयी लावून पाहिल्या. यांना गुण आला तर मलाही येईल, असं वाटलं. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की चार फेऱ्या जास्त मारायची. सकाळी जिऱ्याचं पाणी प्यायची. दुपारी दार लावून डोळे मिटून बसून पाहिलं, तर दोन मिनिटांत दारावरची घंटी वाजल्याचा भास व्हायचा आणि कोणाला काय सांगायचं याची जुळवाजुळव डोक्यात सुरू व्हायची. माझं डोकं म्हणजे चौकशीची खिडकी झालं होतं. संध्याकाळ जवळ आली की मानेपासून वर जडपणा चढायचा.

मग मी माहेरी जायला लागले. मखमलाबाद काही लांब नाही, रविवारी बसनं जाऊन संध्याकाळपर्यंत परत यायचं. म्हटलं, जुड्या बांधायला बसावं, चार गोष्टी बोलाव्यात, मोकळं व्हावं. ओसरी तीच होती, बायका बऱ्याचशा त्याच होत्या. मी मेथीचा ढीग पुढ्यात ओढला आणि बसले. त्या बोलत होत्या. मी ऐकत होते, हूं हूं करत होते, हात चालत होते. पण माझी पाळी आली की तोंडातून काही निघायचं नाही. दुसऱ्याचं बोलायचं असतं तर मी सटासट बोलले असते. स्वतःचं म्हटलं की कुठून सुरुवात करायची तेच आठवायचं नाही.

आईनं हातातली जुडी खाली ठेवली. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तिला नीट दिसत नव्हतं, तरी ती माझ्याकडे बघत राहिली.

"लय गप झालीस," ती म्हणाली.

"काही नाही गं. दमलेय."

"मौन तुझ्या नवऱ्याचं हाय का तुझं?"

बायका हसल्या. मलाही हसू आलं. आई म्हणाली, "त्यांना सांग जे व्हतंय ते." मी म्हटलं, "नाही सांगता येत. त्यांचं बीपी वाढेल." त्यावर आईनं जुडी पुन्हा हातात घेतली. निघताना तिनं मला कोथिंबिरीच्या जुड्यांची पिशवी दिली आणि पाठीवर हात ठेवला तो बस येईपर्यंत काढला नाही.

आईच्या सांगण्यावरून असेल, मी एकदा प्रयत्न केला. त्या दिवशी डोकं इतकं ठणकत होतं की भाजी चिरताना सुरी दोनदोन दिसत होती. मी सुरी तशीच टाकून देवघरापाशी गेले. हे पाटावर डोळे मिटून बसलेले. मी म्हटलं, "अहो, मला बरं वाटत नाहीये."

सासूबाईंनी माळेचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर धरलं. "पोरी, आते नको. मौन शे ना त्यानं." यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, काळजीनंच पाहिलं असावं, मी काही यांना दगड म्हणणार नाही. आणि मग हात उचलला. थांब, असा. जरा वेळानं. पुन्हा डोळे मिटले.

घंटी वाजल्यावर यांनी आठवणीनं विचारलं, "काय म्हणत होतीस?" मी जेवणाची ताटं घासत होते. जे सांगायचं होतं ते तेव्हा सांगायचं होतं. दोन तासांनी ते पुन्हा वर येत नाही. मी म्हटलं, "काही नाही, डोकं दुखत होतं." हे म्हणाले, "गोळी घे." मी घेतली.

त्यानंतर महिन्याभरात मी पडले. गच्चीवरून वाळलेले कपडे काढून जिना उतरत होते आणि पायऱ्या एकदम पुढे सरकल्या. फार लागलं नाही, मी शेवटच्या तीन-चार पायऱ्यांवर होते. पण उठता येईना. जीभ जड झालेली. मुलगी धावत आली, तिनं आरडाओरडा केला. नुकतीच समई लागली होती. हे पाटावरून उठून आले. मला धरून बसतं केलं, चपला आणून पायात सरकवल्या, स्कूटर काढली. हे सगळं न बोलता. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात माळ होती, ओठ हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. घंटी वाजली नव्हती.

स्कूटरवर मी यांच्या पाठीला डोकं टेकून बसले होते. हे हळू चालवत होते. खड्डा आला की डावा हात मागे आणून मी आहे ना ते बघायचे. मला तेव्हा यांची माया कळत होती आणि त्याच वेळी मला वाटत होतं, की हा माणूस आत्ता एक शब्द बोलला नाही तर मी चालत्या स्कूटरवरून उतरून कुठंतरी निघून जाईन.

दवाखान्यात गर्दी होती, पण माझा अवतार बघून आम्हाला लगेच आत घेतलं. डॉक्टरांनी बीपी मोजलं. मग दुसऱ्या हाताला पट्टा बांधून मोजलं. यांचं कधी गेलं नव्हतं इतकं वर गेलं होतं. त्यांनी जिभेखाली गोळी ठेवायला दिली आणि बोलू नका म्हणाले. मग खुर्ची यांच्याकडे वळवली.

"तुमच्या मिसेसना रात्री झोप लागते का?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. उजवा हात उचलला आणि पंजा माझ्याकडे केला.

इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप उठला असणार. मला ते कळत होतं. जिभेखाली गोळी विरघळत होती आणि मी यांच्या त्या हाताकडे बघत होते. माझं दुखणं सांगायलासुद्धा मीच. मला रडू आलं नाही. इतका राग आला की कानातला आवाजही थांबल्यासारखा वाटला.

डॉक्टर म्हणाले, "त्या बोलणार नाहीत आत्ता. मी तुम्हाला विचारतोय. झोपतात का या?"

यांचा हात तसाच होता. मग तो खाली आला. घसा खाकरून यांनी सांगितलं, "मला माहीत नाही."

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"माहीत नाही."

"चक्कर याआधी आली होती?"

हे माझ्याकडे बघत होते. हात मांडीवर होता, मूठ वळलेली. "नाही माहीत," हे म्हणाले, आणि शेवटचा शब्द नीट आलाच नाही. डॉक्टर कागदावर काही लिहीत राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही, त्याबद्दल मी आजही त्यांचे आभार मानते.

गोळीचा परिणाम होईपर्यंत त्यांनी आम्हाला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. बाकावर एक खोकणारे आजोबा होते, एक बाई तान्हं मूल घेऊन होती. आम्ही टोकाला बसलो. गोळी विरघळली होती, जीभ मोकळी झाली होती, आणि मी बोलत नव्हते. या वेळी मी सुरुवात करणार नव्हते.

मग हे पुढे वाकून, जमिनीकडे बघत बोलायला लागले. "मी सही नाही केली. तर मला तपासणीतून काढलं. स्टोअरच्या कोपऱ्यात टेबल दिलंय. काम नाही. कोणी बोलत नाही. आठ तास नुसता बसतो." थांबले. "घरी येऊन तोंड उघडलं ना, तर मी परत पेला फेकीन. तुझ्यावर फेकीन. म्हणून बसतो मी तिथं. आई माळ वाढवते ते बरंच वाटतं मला."

आजोबा खोकायचे थांबून आमच्याकडे बघायला लागले. मला त्यांची पर्वा नव्हती. इतके महिने हा माणूस दिवसभर गप्प बसून येत होता आणि घरी येऊन पुन्हा गप्प बसत होता. मला यांची भयंकर दया आली. पण त्या दयेपुढे मी स्वतःला मागे सारलं नाही, त्या दिवशी पहिल्यांदाच.

"ओरडा तुम्ही," मी म्हटलं. "पेले फेका, मी चुकवीन. पण मी झोपते की नाही, हे तुम्हाला माहीत पाहिजे."